घरीं परतण्याची वाट : ‘इंडियन हॉर्स’ हा चित्रपट व सोलापूरची वसाहत

चित्रपटाचें परीक्षण या त्रैमासिकांत यावें हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. सनदा, महजर, बखरी व ताम्रपट यांच्या चर्चेसाठीं राखून ठेवलेल्या पानांवर पडद्यावरील कल्पित कथेचें काय काम, असा प्रश्न कोणी केल्यास त्यास आम्ही दोष देणार नाहीं. परंतु ज्या चित्रपटाविषयीं आम्ही लिहीत आहों त्याचा विषय असा आहे कीं, त्यावर सरकारी कागद ढीगभर आहेत आणि ते बहुतेक एकाच पक्षाचे आहेत. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें कळावयास कथा, कादंबरी व तोंडी आठवण हींच मुख्य साधनें उरतात. शिवाय हा विषय दूरदेशचा म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. त्याच जातीची एक व्यवस्था कोल्हापुराहून एका दिवसाच्या प्रवासावर, सोलापूर येथें, कित्येक दशकें चालू होती. आणि आमच्या संशोधनानें तिच्याकडे जवळजवळ पाठच फिरविली आहे.

‘इंडियन हॉर्स’ ही रिचर्ड वागमीज या ओजिब्वे लेखकाची कादंबरी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यावरून स्टीफन कॅम्पनेली यांनीं २०१७ सालीं हा चित्रपट केला. वागमीज त्याच वर्षीं मार्च महिन्यांत वारले. आपली कथा पडद्यावर लोकांपुढें आलेली पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. कथेचा काळ विसाव्या शतकाच्या मध्याचा, स्थळ कॅनडांतील उत्तर आँटॅरिओचें रान. सरकारी माणसें मुलें उचलून नेतात म्हणून सॉल नांवाच्या मुलाचें कुटुंब तळ्याकाठीं लपून राहिलें आहे. थोरला भाऊ शाळेंतून सुटून येतो तो क्षय घेऊनच, व थोड्याच दिवसांत मरतो. त्याच्या प्रेतास पाद्र्याचा संस्कार मिळावा म्हणून आईबाप निघून जातात, ते परत येत नाहींत. थंडी वाढते तेव्हां आजी नातवास घेऊन निघते आणि रेल्वेच्या ठाण्यावर त्याला कवटाळून बसल्या बसल्या गारठून प्राण सोडते. पुढें सॉल ‘सेंट जेरोम’ या शाळेंत जाऊन पडतो. केस कापणें, अंग घासून काढणें, स्वतःच्या भाषेंतील शब्दाबद्दल मार, तळघरांतला पिंजरा, हें सारें तेथें आहे. तेथेंच एक तरुण पाद्री, फादर गॅस्टन, त्याला बर्फावरील हॉकीचें वेड लावतो. घोड्याच्या गोठलेल्या लिदेचा चेंडू करून पहांटे एकट्यानें शिकलेला हा खेळ त्याला मोठ्या शहरापर्यंत नेतो; पण तेथले प्रेक्षक त्याला जातीवरून हिणवितात, खेळ सुटतो, दारू लागते. शेवटीं पडक्या शाळेंत उभा असतां त्याला आठवतें कीं, खेळ शिकविणाऱ्या त्याच हातांनीं आपल्या देहाची विटंबना केली होती.

ही कथा कल्पित असली तरी तिच्यामागचा इतिहास कल्पित नाहीं. १८८३ पासून कॅनडाच्या सरकारनें ख्रिस्ती पंथांच्या हातांत अशा निवासी शाळा दिल्या. १९२० सालच्या कायद्यानें मूळ रहिवाशांच्या मुलांस त्यांत जाण्याची सक्ती करतां येऊं लागली. एकंदर सुमारें १,५०,००० मुलें या शाळांतून गेलीं. शेवटची दारें मिटलीं तीं १९९६-९७ च्या सुमारास. ११ जून २००८ रोजीं कॅनडाच्या पंतप्रधानांनीं लोकप्रतिनिधींच्या सभागृहांत याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

आतां चित्रपटाच्या गुणदोषांकडे वळूं. पूर्वार्ध निःसंशय श्रेष्ठ आहे. आजीचें काम एडना मॅनिटोवाबी या त्याच समाजांतील वृद्ध विदुषीनें केलें आहे, आणि तिच्या तोंडची ओजिब्वे भाषा कानावर पडत असतां प्रेक्षकास जें कळतें तें कोणत्याही भाषणानें कळलें नसतें : या मुलाजवळ भाषा होती, गोष्टी होत्या, नातीं होतीं, दिशा होत्या. म्हणून पुढें शाळेंत भाषेबद्दल मार बसतो तेव्हां काय हिरावलें जात आहे हें सांगावें लागत नाहीं. करुणरसाच्या परिपोषासाठीं आधीं सुखाचें चित्र असावें लागतें, हें भवभूतीनें चित्रदर्शनाच्या अंकांत दाखविलें आहे. या दिग्दर्शकास तें उपजतच ठाऊक असावें असें वाटतें. खेळाचा मधला भाग मात्र लांबला आहे. सामन्यांमागून सामने येतात, आणि विजयपराजयाच्या ठरीव चित्रपटांत आपण केव्हां शिरलों हें प्रेक्षकास कळत नाहीं.

आमचा खरा आक्षेप शेवटावर आहे, आणि तो कलेचा असून इतिहासाचाही आहे. चित्रपटाची सर्व रचना एका झांकलेल्या रहस्यावर उभारली आहे. तें रहस्य उघडतें तेव्हां प्रेक्षकाचा सारा क्रोध फादर गॅस्टन या एका माणसावर जाऊन आदळतो. महाभारतांतील शकुंतलोपाख्यानांत दुष्यंत शकुंतलेस ओळखूनही नाकारतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप आणला, आंगठी हरविली, आणि राजाचा दोष धुऊन काढला. शाकुंतल शिकवीत असतां आमच्या वर्गांत बहुतेक दर वर्षीं कोणीतरी विद्यार्थी विचारी, “शाप नसता तर राजा कसा दिसला असता?” या चित्रपटासही तोच प्रश्न विचारावासा वाटतो. येथें शापाच्या जागीं एक पापी पुरुष आहे. त्याच्या पदरांत सर्व दोष पडला कीं कायदा करणारें सरकार, अनुदान देणारें खातें आणि शाळा चालविणारा पंथ हे सर्व आपोआप मागच्या रांगेंत जाऊन बसतात. गॅस्टन सज्जन असता तर ती शाळा चांगली ठरली असती काय? चित्रपटाचा पूर्वार्ध या प्रश्नास ‘नाहीं’ असें स्पष्ट उत्तर देतो. उत्तरार्ध तें उत्तर पुसट करतो. कादंबरींतही हेंच रहस्य आहे, परंतु तेथें सॉल स्वतः आपली कथा लिहितो, आणि तें दडपून ठेवणें हा त्याच्या आजाराचाच भाग आहे हें पानोपानीं जाणवतें. पडद्यावर तेंच केवळ धक्का होऊन बसतें.

हा प्रश्न आम्हांस इतका महत्त्वाचा कां वाटतो हें सांगितलें पाहिजे. कोल्हापुरांत ‘बोर्डिंग’ हा शब्द मंगलवाचक आहे. १८ एप्रिल १९०१ रोजीं शाहू छत्रपतींनीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलें. त्याच सालीं जैन बोर्डिंग, १९०६ सालीं मुसलमान विद्यार्थ्यांचें, १९०७ सालीं लिंगायतांचें, १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह, अशी परंपरा चालू झाली. दसरा चौकांतून जाणाऱ्या नव्या पिढीस या इमारती कशाच्या हें ठाऊक नसेल, पण ज्या पिढ्या त्यांतून शिकून बाहेर पडल्या त्यांच्या घरीं हा शब्द अजून आदरानें उच्चारला जातो. अशा गांवच्या शिक्षकास ‘मुलांनीं घर सोडून शाळेंत राहावयाचें’ यांत कांहीं भयंकर असूं शकतें हें सहजासहजीं पटत नाहीं.

मग या बोर्डिंगांत व सेंट जेरोममध्यें अंतर कोठें आहे? शिस्त, मार, अपुरें अन्न यांत तें शोधूं गेल्यास फसगत होईल. मार व अर्धपोट आमच्याकडेही होतीं. प्राचीन गुरुकुलाच्या विधींत एक संस्कार आहे, समावर्तन. मुलगा गुरुगृहीं जाई तो उपनयन करून, पित्यानें स्वतः हवालीं केल्यावर. विद्या संपली कीं स्नान करून, गुरूची अनुज्ञा घेऊन, तो घरीं परते. परतणें हा विद्येचा शेवटचा धडाच होता. त्या गुरुकुलांचीं दारें किती जणांस बंद होतीं हें आम्हांस ठाऊक आहे, आणि संस्कृताच्या शिक्षकानें तें विसरून गुरुकुलाचे पोवाडे गावे हें शोभत नाहीं. येथें मुद्दा एवढाच कीं, आंत जाण्यास बापाची संमति व बाहेर येण्यास घराची वाट, या दोन गोष्टी तेथें गृहीत होत्या. कोल्हापूरच्या बोर्डिंगांतही त्या होत्या. जातवार बोर्डिंगें काढण्यावर पुष्कळ टीका झाली आहे व तींत तथ्यही आहे. परंतु या व्यवस्थेचा एक परिणाम असा झाला कीं, त्या त्या समाजांतील वडीलधारी माणसेंच चालक होतीं, मुलाचें नांव व भाषा कोणी बदलली नाहीं, आणि सुटी लागली कीं तो वळकटी बांधून गांवीं जाई. सेंट जेरोममध्यें समावर्तन नाहीं. ती शाळा काढलीच होती मुळीं मुलानें परत जाऊं नये म्हणून.

आतां सोलापुराकडे येऊं. १८७१ सालच्या सत्ताविसाव्या कायद्यानें हिंदुस्थानांतील कांहीं जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची व्यवस्था केली. प्रथम तो उत्तरेकडील प्रांतांस लागू होता. १९११ च्या कायद्यानें त्याचें क्षेत्र सर्व ब्रिटिश हिंदुस्थानापर्यंत पोहोंचलें, आणि १९२४ सालीं तो पुन्हां एकत्र करून मांडण्यांत आला. मुंबई इलाख्यांत सोलापूर, बिजापूर, हुबळी, गदग, बारामती इत्यादि ठिकाणीं वसाहती बसल्या. कैकाडी, पारधी, भामटे, मांग-गारुडी अशा जमातींचीं कुटुंबें तेथें आणून ठेवलीं, हजेरी लावली, परवान्याशिवाय बाहेर जाण्यास बंदी केली. सोलापूरच्या वसाहतीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता, आणि गिरण्यांना तेथून मजूर मिळत. सोलापूरकर त्या भागास आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. तेथें एका वस्तीचें नांव ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असें आहे. एकाच नांवांत बंधन व मोकळीक दोन्ही नांदत आहेत, हें भाषाशास्त्रज्ञांनीं टिपून ठेवावें.

या कायद्यांत मुलांविषयीं एक कलम होतें. सहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलांस आईबापांपासून वेगळें काढून औद्योगिक, शेतकी अथवा सुधारणाशाळांत ठेवण्याचा अधिकार त्यानें प्रांतिक सरकारास दिला. आईबापांच्या संमतीची अट त्यांत नव्हती. मोठीं माणसें सुधारणार नाहींत, पोरें सुधारतील. मात्र त्यासाठीं तीं मोठ्या माणसांपासून तोडलीं पाहिजेत, हा सिद्धान्त कॅनडांत व येथें एकच. अंमलबजावणींत मात्र फरक होता, आणि तो झांकून ठेवून दोन्ही देशांचें चित्र एक करणें हा इतिहासाशीं अपराध होईल. कॅनडांत मूल घरापासून तोडलें. सोलापुरांत बहुधा सबंध घरच उचलून तारेच्या आंत आणलें, व तेथेंच मुलांस शाळेची सक्ती केली. दिसावयास हें सौम्य. परंतु घरच आंत आल्यावर मुलानें परतावयाचें कोठें?

या वसाहतींचे प्रमुख अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे होते. ते दुष्ट नव्हते. १९२८ सालीं मुंबई सरकारनें अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं जी समिति नेमली तिचे अध्यक्ष तेच, डॉ. आंबेडकर व ठक्कर बाप्पा हे तिचे सभासद होते, आणि तिच्या १९३० सालच्या अहवालाचा अभ्यासक आजही आधार घेतात. मिशनच्या मंडळींतही कळकळीचीं माणसें असलीं पाहिजेत. सोलापूरच्या कथेंत फादर गॅस्टन शोधण्याची कांहींच गरज पडत नाहीं. सर्व सज्जन असतांही कायदा मुलाच्या कपाळीं ‘गुन्हेगार’ असें लिहीतच होता. चित्रपटाच्या शेवटावरील आमच्या आक्षेपाचें मूळ येथें आहे.

तो कायदा त्या काळीं अपरिहार्य होता असें म्हणणारांसाठीं कोल्हापूरचेंच उदाहरण पुरे आहे. १९१८ सालीं शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानांत महार, मांग, रामोशी व बेरड यांची हजेरी बंद केली. इलाख्यांत वसाहती वाढत होत्या त्याच काळांत शेजारच्या संस्थानांत हें होऊं शकलें. मुंबई इलाख्यांतून हा कायदा जाण्यास १९४९ साल उजाडलें, आणि सर्व देशांतून तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं. विमुक्त जमाती तो दिवस आपला स्वातंत्र्यदिन म्हणून पाळतात.

मराठी चित्रपटानें या वसाहतीच्या दारांत जावयास हवें होतें तितकें तो गेलेला नाहीं. जवळात जवळचा चित्रपट म्हणजे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यांतीलच, करमाळा तालुक्यांतील जेऊरचे. २०१३ सालीं केलेला हा चित्रपट कैकाडी कुटुंबाचा आहे, आणि ‘फँड्री’ हा शब्दही त्यांच्याच बोलींतला, अर्थ डुक्कर. जब्या गांवच्या शाळेंत जातो. कोणी त्याला उचलून नेलेलें नाहीं, रात्रीं तो आपल्या घरींच झोंपतो. शाळा त्याला उघडी आहे, आणि तरीही ती त्याची नाहीं. गांवानें डुकरें पकडावयास लावलेलें त्याचें कुटुंब डुकराच्या अगदीं जवळ पोहोंचतें, तोंच शाळेंतून राष्ट्रगीत ऐकूं येतें आणि सर्वजण जागच्या जागीं ताठ उभे राहतात. पुढें मेलेलें डुक्कर खांद्यावर घेऊन तें कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जातें, भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई यांचीं चित्रें रंगविलेलीं आहेत. दिग्दर्शक एक शब्द बोलत नाहीं. येथें खलपुरुष नाहीं. हंसणारीं पोरें आहेत, बघे आहेत, आणि बाप कचरू आहे, ज्याच्या लाचारीचें किशोर कदम यांनीं केलेलें दर्शन मराठी अभिनयांत फार वरच्या पायरीवर ठेवावें लागेल. काळ्या चिमणीच्या राखेचा धागा आम्हांस थोडा ताणलेला वाटला. पण शेवटीं भिरकावलेला तो धोंडा एका माणसाच्या दिशेनें येत नाहीं, पाहणाऱ्या प्रत्येकाच्या दिशेनें येतो. आणि या एका गोष्टींत हा अल्प साधनांचा मराठी चित्रपट त्या कॅनडाच्या चित्रपटाहून सरस ठरतो.

त्याचें वैगुण्य दुसऱ्या बाजूचें आहे. ‘फँड्री’ पाहून प्रेक्षकास वाटेल कीं, हें कुटुंब अनादि काळापासून गांवकुसाबाहेर असेंच होतें. कैकाडी जमातीचें नांव कायद्याच्या यादींत होतें, तिचीं माणसें तारेच्या आंत राहिलीं, याचा मागमूसही त्यांत नाहीं. नाटककारानें सर्व कांहीं सांगावें असें आम्ही म्हणत नाहीं. जब्याच्या पणजोबाची हकीकत सांगण्याचें काम चित्रपटाचें नसेल. तें या त्रैमासिकाचें होतें, आणि येथेंही तें झालेलें नाहीं.

तें न होण्याचें कारण आमच्या पद्धतींत आहे. राजवाड्यांनीं बखरींपेक्षां अस्सल समकालीन पत्रांस वरचें स्थान दिलें, आणि त्या शिस्तीवरच मराठ्यांच्या इतिहासाचें संशोधन उभें राहिलें. ती शिस्त सोडा असें आम्ही सांगणार नाहीं. परंतु वसाहतीचे अस्सल समकालीन कागद म्हणजे हजेरीपट, परवाने, शिक्षांच्या नोंदी व वार्षिक अहवाल. ते सर्व तारेच्या बाहेरच्या माणसानें लिहिलेले आहेत. अशा कागदाची मर्यादा कॅनडाच्या सत्य व समेट आयोगानें २०१५ सालच्या अहवालांत दाखवून दिली आहे. आयोगास शाळांतील मृत्यूंच्या ३,२०० नोंदी सांपडल्या. त्यांपैकीं जवळजवळ एक तृतीयांश नोंदींत मुलाचें नांवच नाहीं, आणि जवळजवळ निम्म्या नोंदींत मृत्यूचें कारण नाहीं. कागद अस्सल आहे, शाई त्या काळची आहे, आणि त्यांत मूल नाहीं. म्हणून आयोगानें देशभर फिरून सहा हजारांहून अधिक जबान्या घेतल्या. ज्या मुलाचें नांव शाळेच्या वहींत लिहिलें गेलें नाहीं तें त्याच्या बहिणीस आठवत होतें.

आमच्याकडे अशा जबान्या मुख्यतः आत्मकथनांत उतरल्या आहेत. लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ १९८० सालचें, लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ व सीमाभागांतील भीमराव गस्ती यांचें ‘बेरड’ हीं दोन्ही १९८७ सालचीं. पहिल्या दोहोंस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, समीक्षकांनीं त्यांच्या भाषेची वाखाणणी केली, विद्यापीठांत तीं अभ्यासास लागलीं. इतिहाससंशोधकांनीं मात्र तीं ललित वाङ्मय म्हणून कपाटांत ठेवलीं. त्यांत सनावळी सैल आहे, प्रसंगांचा क्रम कोठें मागें कोठें पुढें आहे, हें मान्य आहे. सभासदाच्या बखरींत तरी याहून निराळें काय आहे? तिचें शोधन आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलों आहों. तसेंच शोधन यांचेंही व्हावें : कोणतें गांव, कोणतें ठाणें, कोणतें वर्ष, कोणती शाळा, हें पोलीस दप्तराशीं व शाळेच्या पटाशीं ताडून पाहावें, आणि जेथें दप्तर व आठवण जुळत नाहींत तेथें आठवणच चुकली असें आधींच ठरवूं नये.

हें काम थांबण्यासारखें नाहीं. वसाहत उठली तेव्हां जीं मुलें दहा वर्षांचीं होतीं तीं आज पंचाऐंशीच्या पुढें गेलीं आहेत. सोलापूर, बारामती, हुबळी, गदग येथें आमचे जे वाचक आहेत त्यांस विनंति कीं, वसाहतीचे हजेरीपट, परवाने, शाळेचे दाखले, गिरणीचीं ओळखपत्रें, मिशनचीं छायाचित्रें कोणाच्या घरीं असल्यास त्यांची नक्कल करून घ्यावी. मूळ कागद घरच्यांच्याच हवालीं ठेवावा. ज्यांस वृद्धांची जबानी घेतां येईल त्यांनीं ती त्यांच्या बोलींतच उतरावी, प्रमाण मराठींत फिरवूं नये. भाषान्तर पाठीमागून जोडतां येईल. आणि पुढील प्रश्न अवश्य विचारावेत : शाळेंत नेऊन कोणीं बसविलें, तेथें कोणत्या नांवानें हांक मारीत, आणि तार निघाली त्या दिवशीं घरचीं माणसें कोणत्या गांवाकडे गेलीं.